सुईच्या आधी काय घडते?

विद्यार्थी मित्रांनो, भारताचा नकाशा समोर घ्या आणि बोट थेट पूर्वेच्या टोकाला न्या. तेथे डोंगरांनी वेढलेले मणिपूर हे छोटे राज्य आहे. मधोमध एक सपाट खोरे आणि त्या खोऱ्यात इंफाळ ही राजधानी. इंफाळहून आग्नेयेकडे सुमारे ११० किलोमीटर गेले की मोरे हे गाव लागते. मोरे संपले की म्यानमार सुरू होतो. म्यानमार, लाओस आणि थायलंड यांच्या सीमा जेथे एकत्र येतात, त्या डोंगराळ मुलखाला ‘सुवर्ण त्रिकोण’ म्हणतात. नाव सोन्याचे, पण पीक अफूचे! अफूपासून तयार होणारे हेरॉइन चोरट्या वाटेने मोरेमार्गे इंफाळला येऊ लागले आणि १९८० नंतरच्या दशकात तेथील अनेक तरुण ते सुईने शिरेत टोचून घेऊ लागले.

या तरुणांच्या रक्ताची वेळोवेळी तपासणी होत असे. सप्टेंबर १९८९ पर्यंत तपासलेल्या नमुन्यांत एच.आय.व्ही. या विषाणूचा मागमूस नव्हता. त्यानंतर अवघ्या सहा महिन्यांत काय झाले असेल? तपासलेल्या शंभर जणांपैकी सुमारे पन्नास जणांच्या रक्तात तो सापडू लागला!

यातून दोन प्रश्न उभे राहतात. पहिला, विषाणू इतक्या झपाट्याने कसा पसरला? आणि दुसरा, त्याहून अवघड : या तरुणांनी सुई हातात घेतलीच का? त्याच गल्लीतल्या, त्याच शाळेतल्या दुसऱ्या मुलांनी ती का घेतली नाही? पहिल्या प्रश्नाचे उत्तर गणितात आहे. दुसऱ्याचे उत्तर शोधायला आपल्याला मेंदू, घर, शाळा आणि गाव या सगळ्यांकडे पाहावे लागेल.

शंभर वेळांचे गणित

एच.आय.व्ही. हा विषाणू आपल्या रक्तातील सीडी-४ नावाच्या संरक्षक पेशींत शिरतो आणि त्यांचा हळूहळू नाश करतो. उपचार न मिळाल्यास काही वर्षांनी शरीराची प्रतिकारशक्ती इतकी खालावते की, एरवी किरकोळ वाटणारे जंतूही भारी पडतात. या अखेरच्या अवस्थेला ‘एड्स’ म्हणतात. विषाणू पसरतो तो बाधित रक्तातून, असुरक्षित शरीरसंबंधातून आणि आईकडून बाळाला. एका बाकावर बसल्याने, एका डब्यात जेवल्याने, हस्तांदोलनाने किंवा डास चावल्याने तो पसरत नाही.

टोचून झाल्यावर सुईच्या पोकळीत आणि सिरिंजमध्ये रक्ताचा अगदी सूक्ष्म अंश मागे राहतो. डोळ्यांना तो दिसतही नाही. पण त्यातील विषाणू काही दिवस, आणि थंड जागी काही आठवडेसुद्धा, टिकून राहू शकतो असे प्रयोगशाळेत दिसून आले आहे. तीच सुई दुसऱ्याने टोचून घेतली की, ते रक्त सरळ त्याच्या शिरेत जाते.

मग धोका किती? बाधित व्यक्तीने वापरलेली सुई दुसऱ्याने दहा हजार वेळा वापरली, तर सरासरी सुमारे ६३ वेळा लागण होते असा अंदाज आहे. म्हणजे एका वेळी एक टक्क्याहूनही कमी. “मग भिण्याचे कारण काय?” असे कोणी म्हणेल. वही-पेन्सिल घ्या आणि पाहा. एका वेळी सुटण्याची शक्यता ०.९९३७. दोन्ही वेळा सुटण्याची शक्यता ०.९९३७ गुणिले ०.९९३७. असा गुणाकार शंभर वेळा केला, तर उत्तर येते सुमारे ०.५३. म्हणजे शंभर वेळांत, दर शंभरांपैकी जवळजवळ ४७ जणांना लागण! रोज एकदा याप्रमाणे वर्षभर हेच चालले, तर दर शंभरांत दहाच जण सुटतात. अर्थात प्रत्येक वेळी आधीचा माणूस बाधितच होता, असे आपण येथे धरले आहे. पण दुसरीही एक गोष्ट ध्यानात ठेवा. नुकतीच लागण झालेल्या माणसाच्या रक्तात पहिले काही आठवडे विषाणूंची संख्या फार मोठी असते. म्हणून नव्याने शिरलेली साथ या हिशेबाहूनही वेगाने धावते.

सुया वाटून का घेतल्या जात? सिरिंज जवळ सापडली तर पोलिसांचे भय, आणि औषधविक्रेते ती द्यायला नाखूश. शाईच्या ड्रॉपरपासून बनवलेली कामचलाऊ साधनेसुद्धा मणिपुरात हातोहात फिरत असत. स्कॉटलंडमध्ये या आधीच असा प्रकार घडून गेला होता. एडिंबरो आणि ग्लासगो ही दोन शहरे एकमेकांपासून सुमारे ७० किलोमीटरवर. दोन्हीकडे हेरॉइन टोचून घेणारे तरुण होते. एडिंबरोतील एका दवाखान्यात अशा १६४ जणांचे रक्त तपासले, तेव्हा ८३ जण, म्हणजे ५१ टक्के, बाधित निघाले. हा अहवाल १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला. ग्लासगोत मात्र त्या सुमारास हे प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास होते. एडिंबरोत सिरिंज मिळणे अवघड करून ठेवले होते, त्यामुळे टोळकी एकच सिरिंज वापरत. हेच या फरकाचे मोठे कारण मानले जाते. आपल्या मुंबई-पुण्यातही १९८० नंतर ‘गर्द’ आली. तीही अशुद्ध हेरॉइनच; पण येथे ती बहुधा धुरावाटे ओढली जाई. तिने घरे उद्ध्वस्त केली, परंतु मणिपूरसारखी सुईवाटे येणारी साथ तिच्यामागे आली नाही.

मात्र सुई नाही म्हणजे धोका नाही, असे समजू नका. दारू असो वा अन्य कोणताही मादक पदार्थ, नशेत माणसाचा विवेक सुटतो. शुद्धीत असताना जे त्याने केले नसते, ते असुरक्षित वर्तन त्याच्या हातून घडते किंवा दुसरे कोणी त्याच्या असहायतेचा फायदा घेते. विषाणूला हीसुद्धा वाट पुरते.

‘धोक्याचा घटक’ म्हणजे काय?

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. पावसाळ्यात घाटात दरड कोसळते. तिचे कारण काय? तीव्र उतार, भुसभुशीत माती, तोडलेली झाडे, रस्त्यासाठी कापलेली कड आणि चार दिवसांची संततधार. यातील एकेक गोष्ट असूनही पुष्कळ डोंगर जागचे हलत नाहीत. पण त्या एका ठिकाणी जमल्या की कड सुटते. व्यसनाचेही असेच आहे. ज्या गोष्टींमुळे एखादी घटना घडण्याची शक्यता वाढते, त्यांना शास्त्रज्ञ ‘धोक्याचे घटक’ म्हणतात.

शक्यता वाढणे म्हणजे घटना ठरलेली असणे नव्हे. एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा, एखादा घटक नसलेल्या शंभर मुलांपैकी पाच व्यसनाधीन झाली आणि तो घटक असलेल्या शंभरांपैकी पंधरा झाली. धोका तिप्पट झाला, हे खरे. पण उरलेली पंच्याऐंशी मुले तो घटक असूनही व्यसनात पडली नाहीत, हेही तितकेच खरे. म्हणून घटकांची यादी वाचून कोणाकडेही बोट दाखवू नये. हवामान खात्याचा इशारा ज्या कामाचा, त्याच कामाची ही यादी. ती सावध होण्यासाठी असते, निकाल देण्यासाठी नव्हे.

घटकांची ओळख

पहिला घटक म्हणजे वय. आनंदाची, बक्षिसाची जाणीव करून देणारी मेंदूची यंत्रणा किशोरवयात जोरात काम करते. पण कपाळामागचा भाग, जो ‘थांब, पुढचा विचार कर’ असे सांगतो, तो पुरता तयार व्हायला वयाची पंचविशी उजाडते. म्हणजे गाडीचे इंजिन दमदार आणि ब्रेक अजून बसवायचे चालू! शिवाय या वयात मेंदू भराभर शिकतो आणि नशाही तो तितक्याच चटकन ‘शिकतो’. जितक्या लहान वयात सुरुवात, तितकी पुढे व्यसन जडण्याची शक्यता अधिक.

दुसरा घटक घरातला. अमेरिकेत १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात हजारो प्रौढांना त्यांच्या बालपणाविषयी विचारले होते. मारहाण, लैंगिक अत्याचार, आईला होणारी मारझोड, घरात व्यसनी किंवा तुरुंगात गेलेली व्यक्ती असणे, अशा गोष्टी मोजल्या होत्या. यांपैकी चार किंवा अधिक गोष्टी सोसलेल्या लोकांत दारू, मादक द्रव्ये, नैराश्य आणि आत्महत्येचे प्रयत्न यांचा धोका, काहीच न सोसलेल्यांच्या मानाने, चार ते बारा पट आढळला. बालपणीचे घाव शरीर विसरत नाही, असे या आकड्यांनी दाखवून दिले.

तिसरा घटक मनाचा. सततची उदासी, धास्ती, झोप न लागणे यांवर उपचार मिळाले नाहीत, तर काही मुले स्वतःच ‘औषध’ शोधतात. पहिल्या वेळी त्या पदार्थाने थोडे बरे वाटते. सापळा असतो तो नेमका तेथेच.

चौथा घटक सोबत. ज्याचे मित्र नशा करतात, तो स्वतः करण्याची शक्यता जास्त असते. पण येथे एक शंका काढायला हवी. मित्रांनी त्याला ओढले, की आधीच तिकडे झुकलेल्या मुलाने तसे मित्र निवडले? अभ्यासकांच्या मते दोन्ही खरे आहे. म्हणूनच ‘वाईट संगत’ हे दोन शब्द बोलून प्रश्न सुटत नाही. तो मुलगा चांगल्या सोबतीला का मुकला, हेही विचारावे लागते.

पाचवा घटक शाळा. शाळा सुटली की दिवसाला आकार राहत नाही, आणि ‘आज का आला नाहीस?’ असे विचारणारे कोणी उरत नाही. रस्त्यावर, रेल्वे फलाटावर राहणारी मुले याचे टोकाचे उदाहरण. भारतात २०१९ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय पाहणीत असे आढळले की, सोल्युशन, व्हाइटनर यांसारखे हुंगण्याचे पदार्थ हा एकच प्रकार असा आहे, ज्याचे प्रमाण मोठ्यांपेक्षा मुलांत अधिक आहे. स्वस्त, सहज मिळणारे आणि भूक मारणारे!

सहावा घटक जागा. मणिपुरात हेरॉइन दाराशी येत होते, नोकऱ्या कमी होत्या आणि सशस्त्र संघर्षाने जीवन अस्थिर केले होते. जागेचा प्रभाव किती असतो, हे व्हिएतनामच्या युद्धातून दिसले. तेथे गेलेल्या अमेरिकन सैनिकांपैकी जवळजवळ निम्म्यांनी अफू किंवा हेरॉइन घेऊन पाहिले आणि सुमारे एक-पंचमांश त्याच्या आहारी गेले. १९७१ मध्ये परतलेल्या सैनिकांचा ली रॉबिन्स या समाजशास्त्रज्ञ स्त्रीने पाठपुरावा केला. तिकडे व्यसनी झालेल्यांपैकी पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनात सापडले ते केवळ पाच टक्क्यांच्या आसपास! युद्धाची भीती, कंटाळा आणि सहज मिळणारे हेरॉइन मागे पडले, घरची माणसे भेटली, आणि बहुतेकांची पकड सुटली. सर्वांचीच सुटत नाही. पण व्यसन म्हणजे केवळ दुबळ्या स्वभावाचा दोष, ही समजूत मात्र या अभ्यासाने खोटी ठरवली.

एक चक्र

आता आपण सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याशी येतो. व्यसनातून एच.आय.व्ही. येतो, हे आपण पाहिले. पण बाण उलट दिशेनेही जातो.

मणिपुरात हेरॉइन टोचून घेणाऱ्या बाधित पुरुषांच्या पत्नींची तपासणी झाली. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सुमारे ४५ टक्के पत्नींना लागण झालेली आढळली. सुईला कधी हातही न लावलेल्या स्त्रियांच्या घरी विषाणू पोचला होता. अशा घरातील मुलाची स्थिती डोळ्यांसमोर आणा. वडील आजारी किंवा गेलेले. आई आजारी. औषधांना आणि व्यसनाला पैसा गेलेला. शेजारी पाण्याचा पेलाही वेगळा ठेवतात. शाळेत कुजबुज सुरू होते आणि एके दिवशी तो शाळेत येणे थांबवतो. आता वरची यादी पुन्हा वाचा. घराचे दुःख, मनाची उदासी, सुटलेली शाळा, तुटलेली सोबत : या मुलाच्या वाट्याला एकाच वेळी किती घटक आले, ते मोजा. यांपैकी निम्मे विषाणूने आणले. उरलेले निम्मे कोणी आणले? तुमच्या-आमच्यासारख्या माणसांनी, भीतीपोटी.

जी मुले स्वतः एच.आय.व्ही.सह वाढत आहेत, त्यांना आणखी एक अडचण असते. त्यांना रोज, न चुकता गोळ्या घ्याव्या लागतात. नशेच्या नादात गोळ्या चुकल्या की विषाणू पुन्हा डोके वर काढतो. म्हणजे व्यसन विषाणूला मदत करते, विषाणूभोवतीची लाज व्यसनाला मदत करते, आणि चक्र फिरत राहते.

चक्र कोठे तोडता येते?

चक्राचा एक फायदा असतो. ते कोठेही तोडले तरी थांबते.

सुईपाशी ते तोडता येते. मणिपूरने १९९६ मध्ये आपले एड्सविषयक धोरण स्वीकारले. जे तरुण लगेच व्यसन सोडू शकत नाहीत, त्यांना निदान निर्जंतुक सुया द्यायच्या आणि वापरलेल्या गोळा करायच्या, असा मार्ग त्यात होता. पुढे डॉक्टरांच्या देखरेखीखाली जिभेखाली ठेवायची ब्युप्रेनॉर्फिनची गोळीही देऊ लागले. तिच्यामुळे हेरॉइनची तडफड शमते आणि सुईची गरज उरत नाही. “हे व्यसनाला उत्तेजन नव्हे काय?” असा प्रश्न तेथेही विचारला गेला. आकडे पाहा. १९९० नंतरच्या दशकात सुई टोचून घेणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक बाधित होते. २०१०-११ च्या सरकारी पाहणीत हे प्रमाण सुमारे १३ टक्के झाले. या घटीचा काही भाग दुःखद आहे, कारण अनेक बाधित तरुण तोवर मरण पावले होते. तरी नव्या लागणीला आळा बसल्याशिवाय एवढी घट होत नाही.

उपचारापाशी ते तोडता येते. भारतात १ एप्रिल २००४ पासून एच.आय.व्ही.वरील औषधे सरकारी केंद्रांत मोफत मिळू लागली. नियमित औषधांनी रक्तातील विषाणू इतका कमी होतो की, तो तपासणीत दिसेनासा होतो, आणि तसा तो राहिला की शरीरसंबंधातून पुढे जात नाही. व्यसनही उपचाराने सुटते. गर्दने वेढलेल्या तरुणांसाठी डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात ‘मुक्तांगण’ सुरू केले. पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांचा त्याला हातभार होता. व्यसनी माणूस गुन्हेगार नसून रुग्ण आहे, ही भूमिका तेथे प्रथमपासून होती.

आणि सर्वांत आधी, सुरुवातीपाशीच ते तोडता येते. आइसलंडमध्ये १९९८ साली १५-१६ वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के मुले मागील महिन्यात दारूने झिंगल्याचे सांगत. २०१६ मध्ये हे प्रमाण ५ टक्के झाले. रोज धूम्रपान करणारी मुले २३ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आली. त्यांनी काय केले? खेळ, संगीत, नृत्य यांचे वर्ग प्रत्येक मुलाला परवडतील असे केले, पालकांना एकत्र आणले, मुलांनी रात्री उशिरापर्यंत बाहेर राहू नये हा नियम पाळला, आणि दरवर्षी मुलांनाच प्रश्न विचारून गणित तपासत राहिले. याउलट, अमेरिकेत १९८३ पासून पोलीस अधिकारी शाळांत येऊन मादक द्रव्यांविरुद्ध धडे देत. त्या धड्यांचा टिकाऊ परिणाम फारसा होत नाही, असे अनेक पाहण्यांत आढळले. शिक्षकांनी हा फरक अवश्य ध्यानात घ्यावा. एखाद्या व्याख्यानापेक्षा मैदान, तबला आणि रोज नाव घेऊन चौकशी करणारे माणूस अधिक काम करते.

तुमच्या बाकावरून

मित्रांनो, तुम्ही म्हणाल, आम्ही विद्यार्थी यात काय करणार? तीन गोष्टी करता येतील.

पहिली : कोणाच्या घरी एच.आय.व्ही. आहे असे कळले, तर ती गोष्ट पुढे सांगू नका आणि बाकावरून उठू नका. कायदाही तेच सांगतो. १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेल्या कायद्यानुसार या कारणावरून कोणाला शाळेत भेदभावाने वागवण्यास मनाई आहे. दुसरी : एखादा मित्र अबोल झाला, वरचेवर गैरहजर राहू लागला, जुने मित्र टाळू लागला, तर त्याला उपदेश करण्याआधी एवढेच विचारा, “बरे आहे ना तुझे?” त्याने काही सांगितलेच, तर ते ओझे एकट्याने वाहू नका; विश्वासातल्या शिक्षकाला किंवा घरातल्या मोठ्या माणसाला सोबत घ्या. तिसरी : हे सगळे तुमच्या स्वतःच्या बाबतीत घडत असेल, तर मदत मागणे हा कमीपणा नाही. मुलांसाठी १०९८, व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि एच.आय.व्ही.विषयी १०९७ या क्रमांकांवर विनामूल्य बोलता येते.

घाटातली दरड कोसळल्यावर दगड उपसणे फार कष्टाचे असते. त्याआधी उतारावर एक झाड लावणे सोपे असते. वर्गातल्या रिकाम्या होऊ लागलेल्या एखाद्या बाकाकडे वेळीच लक्ष जाणे, हे तसेच एक झाड आहे. उद्या हजेरी चालू असताना जरा मागे वळून पाहा.